फ्यूज खिशात ठेवणारी मावशी

एसी दुरुस्त करणाऱ्या मावशींना गल्ली पाठीमागे हसायची. कामाला हात लावण्याआधी त्या बोर्डावरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात टाकत. "सोन्याचा आहे की काय?" असं गल्लीतल्या टेलरनंही एकदा विचारलं होतं.

त्याच टेलरच्या तोंडचं पाणी आज भरदुपारी पळालं होतं. मणक्याला मार बसल्यापासून त्याच्या बायकोला घाम येत नसे. उन्हाळ्यात गार खोली होती म्हणून ती होती. आणि बंद पडलेला एसी बघून सकाळचा मेकॅनिक सांगून गेला होता, "कॉम्प्रेसर जळाला. नवा यायला चार दिवस."

मावशींनी फ्यूज खिशात टाकला आणि गॅलरीतलं एसीचं बाहेरचं युनिट उघडलं. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरवली, मीटर लावून खात्री केली, मग पुन्हा एकदा केली. कॉम्प्रेसरची तिन्ही टोकं तपासली. दोन टोकांमध्ये विजेची वाट शाबूत होती, तिसऱ्याकडे जाणारी तुटलेली. बॉडीत मात्र कुठे वीज गळत नव्हती. त्यांनी त्या काळ्या डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"सकाळपासून चालू-बंद करत बसलात ना? मेला नाही हा, तापलाय. फार तापला की आतला राखणदार वाट तोडतो, निवला की जोडतो. खरा चोर हा फुगलेला कपॅसिटर. बदलते. पण तासभर थांबायचं."

तासभर! टेलर बायकोच्या अंगावर ओली फडकी बदलत राहिला. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं. शेवटी ती "अहो" म्हणाली, तेही जेमतेम. गॅलरीत सामसूम होती. काम उरकलं असेल असं धरून त्यानं धावत जाऊन बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

तो गॅलरीत आला. मावशी पुन्हा मीटर लावत होत्या, आणि त्यांची बोटं उघड्या टोकांवर होती. आपल्या हातून काय झालं असतं, हे त्याला आता कळत होतं.

"बटण दाबलंत ना?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "ऐकू आलं. माझे यजमान असेच बसले होते. तेव्हा फ्यूज जागेवर होता, आणि बटण मी दाबलं होतं."

या बाईनं त्यानंतर तेच काम शिकून घेतलं होतं, हे टेलरच्या डोक्यात मावेना.

मीटरचा काटा हलला. तिन्ही वाटा जुळल्या होत्या. मावशींनी टोकांवर झाकण बसवलं, स्क्रू आवळले, हात पुसले आणि खिशातून फ्यूज काढून त्याच्या तळहातावर ठेवला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही लावा."