टूथपेस्टने घासलेला चष्मा

आमच्या समोरच्या घरात चष्मेकाका एकटेच राहतात. जन्मभर त्यांनी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या फ्रेममध्ये काचा बसवल्या. काउंटरवर गोड बोलायला दुसरा माणूस होता, त्यामुळे गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची सवय काकांना कधी लागलीच नाही. घरात बोलायचं काम काकूंचं होतं. त्या गेल्या आणि घर मुकं झालं. मुलगा दूरच्या शहरात असतो. तो रविवारी फोन करतो, मग दोघं एकमेकांना आपापल्याकडचं हवामान सांगतात आणि फोन ठेवतात.

मध्यंतरी इमारतीत कुणीतरी अक्कल पाजळली की, टूथपेस्टने चष्म्यावरचे ओरखडे जातात. पहिला चष्मा काकांच्या हातात पडला आणि ते चक्क हो म्हणाले. मग काय, रांगच लागली. काकांचा सरंजाम ठरलेला. साधी पांढरी पेस्ट, जेल नको, खडेवाली तर नकोच. जुन्या बनियनचा तुकडा, कोमट पाणी, आणि अंगठ्याने हळूहळू गोल गोल घासणं. समोरच्या खुर्चीत चष्म्याचा मालक. चष्मा काढलेल्या माणसाला ना मोबाईल दिसतो ना पेपर, म्हणून ते बिचारं बोलत बसतं. काका मान हलवत ऐकतात.

मला भोचकपणा केल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा मी विचारलंच, "काका, खरंच जातात का हो ओरखडे?"

"कसले जातात. आजूबाजूची काच घासली जाते, म्हणून जरा कमी दिसतात. प्लास्टिकच्या काचेवर पातळ थर असतो, तो मात्र उतरतो."

"मग कशाला घासता?"

"माणसं येतात," काका म्हणाले.

मलाच कसंनुसं झालं.

सगळ्यांत जास्त येत त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई. लायब्ररीतून निवृत्त झालेल्या, याही एकट्याच. चष्मा टेबलावर पालथा टाकायचा आणि हाताला येईल त्या कापडाने पुसायचा, मग ओरखडे पडणार नाहीत तर काय. "जन्मभर लोकांना गप्प बसवलं, आता माझी पाळी," असं म्हणून त्या जे सुरू होत ते चहा गार होईपर्यंत. त्या यायच्या असल्या की काकांची दाढी सकाळीच उरकलेली असे. "आज कुणाचं लग्न?" असं मी विचारलं की काका कानाच्या पाळीपर्यंत लाल होत. मी चिडवत असे खरी, पण मला बरं वाटे. बाई येत राहाव्यात, एवढंच त्या माणसाला आयुष्याकडून हवं होतं.

गेल्या महिन्यात बाई जिन्यात पायरी चुकल्या. हाड वाचलं, पण घोटा सुजला. चार दिवसांनी लंगडत त्या काकांकडे आल्या. मी तिथे कात्री मागायला गेले होते.

"दिव्याभोवती सगळं धुरकट दिसतं हो," खुर्चीत टेकत बाई म्हणाल्या. "पायरी कुठे संपते तेच कळत नाही. दोन ओळी वाचल्या की डोकं धरतं. डोळेच गेले माझे. पुस्तकं देऊन टाकावी म्हणते कुणाला तरी."

काकांनी चष्मा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. मीही डोकावले. वरचा थर ठिकठिकाणी उतरला होता, आणि मधोमध अंगठा फिरून फिरून गोल ढग उमटला होता. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. अजून दोनदा फडकं फिरवून त्यांना मूग गिळून बसता आलं असतं. मी काही चहाडी करणार नव्हते.

"बाई, तुमचे डोळे ठणठणीत आहेत," काका म्हणाले. "चष्मा मी बिघडवला. ओरखडे असे जात नाहीत, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उद्याच दुकानात जा, नव्या काचा घाला. आणि त्यांना पेस्ट लावू नका. मी मागितला तरी माझ्या हातात देऊ नका."

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

काका मोरीत जाऊन हात धूत राहिले. हाताला काही लागलेलंच नव्हतं. बाई चष्मा उचलून भिंतीचा आधार घेत वर गेल्या.

त्या रागावल्या नाहीत, हे सांगायला हवं. नव्या काचा दाखवायला मुद्दाम आल्या. काकांनी चष्मा उलटसुलट करून पाहिला, "छान बसवल्यात," म्हणाले आणि लगेच परत दिला. काम काहीच नव्हतं. बाई आता पुन्हा पुस्तकांत बुडाल्यात, खिडकीशी बसून तासन्तास वाचतात. बाकीच्यांनाही काकांनी खरं काय ते सांगून टाकलं, त्यामुळे ती खुर्ची रिकामीच असते.

जुन्या काचांतून बाईंना कोण समोर आहे ते कळायला अगदी जवळ यावं लागे. हातभर अंतरावर येऊन त्या विचारायच्या, "कोण, तुम्ही का?" आणि मग तिथेच गप्पा सुरू व्हायच्या. काल संध्याकाळी काका फाटकातून आत येत होते. बाईंनी त्यांना जिन्यापासूनच ओळखलं, हसून हात केला आणि झपाझप वर निघून गेल्या. काका फाटकाशीच उभे होते, त्या जवळ येतील म्हणून.