मेंढरांमागचा कुत्रा

सात रस्त्याजवळच्या मैदानावर मी रोज सकाळी फिरायला जाते. मागच्या हिवाळ्यात तिथं एक म्हातारे धनगर दिसू लागले. डोक्याला पटका, पायात जाड वहाणा आणि मनगटाला गुंडाळलेल्या दोरीच्या टोकाला एक उंच, काटक कुत्रा. कुत्रा पुढं झेपावायचा आणि दुखरे गुडघे सांभाळत ते त्याच्यामागं ओढले जायचे.

एकदा ते पडलेच. मी धावत जाऊन त्यांना उठवलं. कोपर सोलून निघालं होतं, पण दोरी सुटली नव्हती.

"बाबा, एखादा दिवस घरी ठेवा की त्याला," मी म्हणाले.

"मंगळवेढ्याकडं मेंढरांमागं दिसभर पळायचा ह्यो. म्हातारी गेली, मेंढरं इकली, पोरानं आमाला हितं आणलं. दोन खोल्यांत ह्यो नुसता दार ओरबाडतोय, ताई."

मग आठवडाभर ते दिसले नाहीत. परत आले ते एकटेच. कुत्र्याला गावाकडं पुतण्याच्या कळपात सोडून आले होते.

"राहिला का तो?" मी विचारलं.

"मेंढरं दिसली अन् सुटला की! एकदाबी मागं वळून बघितलं न्हाय." ते हसले. "लई खूश हाय."

"मग तुम्हीही तिकडंच राहायचं होतं."

ते गुडघ्यावर हात फिरवत राहिले.

"कळपाला पळणारा लागतो, ताई. मला ठिवून घेऊन ते काय करतील?"

त्या दिवशी आम्ही मैदानाची एकच फेरी सोबत मारली, अगदी सावकाश.