साधी पांढरी सेडान

पेणहून रोह्याला रोज कामावर जायला मी दांडग्या इंजिनाची जुनी सेडान घेतली. स्टिकरवाल्या, भोंगेवाल्या गाड्यांची मला शिसारी, म्हणून मुद्दाम साधी, पांढरी निवडली. जाणकार ओळखतीलच, ही ऐट! रोह्याच्या कंपन्यांनी भाड्यानं लावलेल्या गाड्याही पांढऱ्याच असतात आणि रिकाम्या असल्या की वाटेत माणसं घेतात, हे माझ्या अतिशहाण्या डोक्यात आलंच नाही.

पहिल्याच दिवशी नागोठण्याच्या नाक्यावर एक मासळीवाली मागचं दार उघडून टोपलीसकट आत बसली.

“निडीला सोड रं.”

“मावशी, भाड्याची नाय ही. इंजिन बघा हिचं!” म्हणत मी जोरात ॲक्सिलरेटर दाबला.

“हलू चालव, मेल्या! कोलंबी सांडली तर तुझ्या मालकाला सांगंन.”

मालकानं निमूटपणे गाडी बैलगाडीसारखी निडीपर्यंत नेली.