दादाचं जुनं दुखणं

माझ्या थोरल्या भावाचं पोट ऐन तरुणपणापासून दुखायचं. जेवला की थोड्या वेळात वाकून बसायचा, आणि वहिनी मुकाट्यानं ताट उचलून न्यायची. तलासरीच्या पलीकडे डोंगराला लागून आमचं भात-नागलीचं शेत. ते दादाच कसायचा. मी डहाणूजवळ मसोलीत खोली घेऊन नोकरी करत होतो. जठरामागं स्वादुपिंड असतं, त्याला कायमची सूज आहे, आत खडे झालेत, अधूनमधून दाखवत जा, असं डॉक्टरांनी फार पूर्वीच सांगितलं होतं.

पण दाखवायला जाणार कसं? हे दुखणं दारूनंच होतं असं सगळे धरून चालतात. दादानं ताडीचा थेंब कधी तोंडाला लावला नव्हता, यावर आमच्या भागात कोणाचा विश्वास बसत नाही. कुठल्याही दवाखान्यात जा, पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती पितोस?’ नाही म्हटलं की समोरचा हसायचा. गावातही तेच, चोरून पीत असणार, दुसरं काय. माझं डोकं तापट, मी भांडायचो. दादा भांडला नाही, त्यानं जाणंच सोडलं. तेलकट बंद केलं, पेज पिऊन शेतात राबत राहिला. दुखणं जुनं झालं, आणि रोज मरे त्याला कोण रडे.

यंदा गणपती उठल्यावर त्याचं दुखणं एकाएकी कमी झालं आणि डोळे पिवळे झाले. घाबरायचं सोडून सगळ्यांना हायसं वाटलं. कावीळ म्हणजे ओळखीचा आजार, आणि तिच्यावरून कोणी दारुडा म्हणत नाही. कावीळ झाली की आमच्याकडे औषध देणारा झाडपाल्याच्या काड्यांची माळ करून देतो. ती डोक्यावर ठेवायची. रोज थोडी थोडी सैल होऊन ती खाली येते, आणि माळ उतरली तेवढी कावीळ उतरली असं धरायचं. दादाची माळ गळ्यात आली, मग छातीवर. वहिनी खूश. अंगाला खाज सुटत होती, लघवी काळ्या चहासारखी होत होती, पँट सुतळीनं बांधावी लागत होती; पण बघायचं ते सगळे माळेकडे. मी घरी गेलो तेव्हा माळ बेंबीपर्यंत पोचली होती आणि दादा हळद लावल्यासारखा दिसत होता.

दादा-वहिनीला घेऊन मी वापीचा मोठा दवाखाना गाठला. स्कॅन झालं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून समजावलं. सूज आली की शरीर डागडुजी करतं, मेलेल्या पेशींच्या जागी नव्या घडवतं. सूज वर्षानुवर्षं हटलीच नाही, तर ही डागडुजीही थांबत नाही, आणि त्यात कधीतरी एखादी पेशी बिघडलेली निघते आणि वाढतच जाते. अशी सूज असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होत नाही, असंही ते म्हणाले. दादाला झाला होता. गाठ पित्ताची नळी दाबून बसली होती, लिव्हरमध्येही पसरली होती. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मला त्या माळेचा राग आला, आणि तिच्याहून जास्त त्या हसणाऱ्या तोंडांचा.

निघताना डॉक्टर दारापर्यंत आले. ‘आता पथ्य नको. काय हवं ते खाऊ द्या.’ बाहेर बाकावर दादाशेजारी बसलेल्या वहिनीनं तेवढंच ऐकलं.

‘म्हणजे उतरली ना कावीळ, भाऊजी?’ तिनं विचारलं. मी औषधं घ्यायला गेलो.

त्या दिवशी आम्ही माझ्या खोलीवर थांबलो. वहिनीनं बाजारातून पापलेट आणून तळलं, आणि तळताना ती माहेरचं काहीबाही बोलत होती. इतकी बोलताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. दादानं चार घास खाल्ले, चव चांगली झालीय म्हणाला. ती भांडी घेऊन मोरीवर गेल्यावर त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं.

‘तिला आत्ता काय सांगू नको,’ तो म्हणाला. ‘भात तिलाच कापायचाय.’