खडीकाकांचं स्पेन

खडीकाका स्पेनला कधीही गेले नव्हते, पण पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याच्या एका खोऱ्यात कुठल्या फाटकापाशी कुत्रं बांधलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. "भुंकतं फक्त. साखळी आहे त्याला," असं ते आम्हाला इथे अमेरिकेत, कॅरी गावच्या पार्किंग लॉटमध्ये हेल्मेटचा पट्टा लावता लावता सांगायचे. उपग्रहाचे नकाशे आणि कुणी कुणी टाकलेले व्हिडिओ पाहून त्यांनी त्या खोऱ्यात सायकलीच्या सात वाटा आखल्या होत्या. सगळ्या खडीच्या, आणि अट एकच, की वाटेत मोटारगाडी दिसता कामा नये. "कार आली की रूट फेल," हा त्यांचा नियम. त्यामुळे त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि आम्ही पाचसहा मराठी सायकलवाले त्यांना खडीकाकाच म्हणायला लागलो.

ते एका औषध कंपनीत व्हॅलिडेशनचं काम करायचे. म्हणजे यंत्र बरोबर चालतंय, हे कागदावर सिद्ध करायचं. तीच सवय वाटांना लागली होती. प्रत्येक वाटेची एक फाइल. चौदाव्या किलोमीटरला शेताचं फाटक, उघडल्यावर परत लावणे. एकविसाव्याला जुन्या रेल्वेचा बोगदा, दिवा लागेल. सव्विसाव्याला ऑलिव्हची झाडं, सावली पुरेशी नाही. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "काका, त्या गावच्या सरपंचाला तरी एवढं माहीत असेल का?" ते गंभीरपणे म्हणाले, "त्याला कशाला लागतं? तो तिथेच राहतो."

दर शनिवारी आम्ही गावाबाहेरच्या एका बंद झालेल्या रेल्वेमार्गावर सायकल चालवायचो. रूळ काढून तिथे बारीक खडी टाकलेली आहे आणि दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आहेत. चढ नावालाच. काका म्हणायचे, ही प्रॅक्टिस. ते पुढे असायचे, आणि मागून कोणी दमलं की न वळता वेग कमी करायचे. हे त्यांना कसं कळायचं, देव जाणे.

त्यांचे वडील नागपूरजवळ बांधकाम खात्याच्या रस्त्यावर मजूर होते. उन्हात बसून खडी फोडायची, हे त्यांचं काम. त्या कमाईत त्यांनी मुलाला इंजिनियर केलं. दर रविवारी सकाळी काका त्यांना व्हिडिओ कॉल करायचे, एकमेकांना जयभीम व्हायचा आणि मग सायकलीचा विषय निघायचा. एकदा मी तिथे होते. म्हातारबाबा म्हणाले, "आम्ही जलमभर खडी फोडून डांबराखाली दाबली, अन् तू आता तेच शोधून राहिला?" काका हसून हसून खोकायला लागले. मग बाबांनी चाक कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं, टायर रुंद आहे याची खात्री करून घेतली आणि विचारलं, "मंग, गेला का तिकडे?"

"नाही बाबा. कागद नाही आले अजून."

कागद म्हणजे ग्रीन कार्ड. काका सतरा वर्षं वर्क व्हिसावर होते. अमेरिकेबाहेर पडलं की परत येताना भारतातल्या अमेरिकन वकिलातीतून पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागायचा आणि त्या शिक्क्याच्या नादात कोण कोण तिकडे महिनोन्‌महिने अडकले, याच्या गोष्टी आमच्यात रोज निघायच्या. अडकलं की नोकरी जाणार. नोकरी गेली की घर, मुलाची शाळा, सगळंच. आणि कार्डाची ही रांग तुमचा जन्म कुठल्या देशात झाला, यावर ठरते; भारताची सगळ्यात लांब. माझे वडील आखातात नोकरीला होते म्हणून माझा जन्म मस्कतचा. एवढ्या एका कारणाने मला दोन वर्षांत कार्ड मिळालं. वाढले मी पुण्यात, त्यांच्यापेक्षा कितीतरी उशिरा इथे आले. काका म्हणाले, "मेधा, तू तरी जा यार. माझी तीन नंबरची वाट करून ये."

मी गेले. पाच दिवस त्यांच्या फाइलवर बोट ठेवून सायकल चालवली. ओकची दाट झाडी, दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती, घाट चढून गेल्यावर एकदम उघडणारं खोरं. परत आल्यावर त्यांनी मला डायनिंग टेबलशी बसवून तीन तास तपासलं. बोगद्यात गार होतं का? कुत्रं होतं का? मी म्हटलं, कुत्रं होतं, साखळीही होती, गाडी एकही नाही, फक्त एक ट्रॅक्टर. ते विचारात पडले. "ट्रॅक्टर कार धरायची का?" काकू आतून म्हणाल्या, "तिला आधी जेवू द्या." त्या दिवसाइतकं खूश मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांचे बाबा न्यूमोनियाने दवाखान्यात गेले. शनिवारी काका आले, पण सायकल गाडीवरून उतरवलीच नाही. बाकीचे पुढे गेल्यावर मला म्हणाले, "मेधा, काय करू? जाऊ का?"

मी लगेच बोलले. कार्ड खिशात असलेल्या माणसाला बोलायला काय जातं? "काका, आत्ता नका जाऊ. शिक्क्याची अपॉइंटमेंट पण मिळत नाहीये, अडकाल. बाबा बरे होऊन घरी येऊ देत, मग नीट प्लॅन करून जा."

त्यांनी मान डोलावली आणि गेले नाहीत. नवव्या दिवशी बाबा गेले. अंत्ययात्रेत धाकट्या भावाने फोन धरून ठेवला होता, त्यात काकांनी इथून सगळं पाहिलं. बाजूला उभा असलेला त्यांचा मुलगा एवढंच म्हणाला, "डॅड, यू शुड हॅव जस्ट गॉन."

शनिवारी ते येत राहिले. वाटा आखणंही थांबलं नाही, उलट सातच्या अकरा झाल्या. मला वाटलं, माणूस सावरतोय. मला तसं वाटून घ्यायचंच होतं.

दोन वर्षांनी त्यांचं कार्ड आलं. मी पेढे घेऊन गेले आणि फोनवर बार्सिलोनाची तिकिटं काढून त्यांच्यासमोर धरली. मे महिना, आम्ही दोघं आणि काकू, तीन नंबरची वाट. काकांनी फोन हातात घेतला, तारखा नीट वाचल्या आणि परत दिला.

"नाही जमणार."

"काका, आता कोण अडवतंय तुम्हाला?"

"तेच ना. कोणीच अडवत नाहीये. बाबांना खांदा द्यायला गेलो नाही मी. आता सायकल फिरवायला जाऊ?"

दोन वर्षं जे तोंडात अडकलं होतं ते माझ्या तोंडून निघालं. "मी थांबवलं तुम्हाला. चूक माझी आहे. तुम्ही जाणार होतात."

ते माझ्याकडे पाहून हसले, अगदी मायेने. म्हणाले, "वेडी आहेस का? काकूने सांगितलं होतं जा म्हणून. भावाने सांगितलं होतं. ऑफिसातला तो गोरा मॅनेजरसुद्धा म्हणाला, गो. तरी मी तुला विचारायला आलो. तू नाही म्हणशील, हे मला माहीत होतं."

त्यानंतर ते शनिवारी आले नाहीत. पुढे नोकरी बदलून टेक्सासमधल्या शुगर लँडला गेले. सायकल इथेच कुणाला तरी देऊन टाकली आणि अकरा वाटांच्या फाइली मला पाठवल्या, सोबत एक ओळही नव्हती. मी फोन करते. ते उचलतात, माझी विचारपूस करतात, तिकडच्या उकाड्याबद्दल बोलतात. माझा त्यांना राग नाही, कधीच नव्हता. तो त्यांनी धरायला हवा होता. माझ्यावर खापर फोडून, मला चार शिव्या घालून, ते एव्हाना स्पेनला जाऊन आले असते.