अरबाबचं खलास

नव्वदच्या दशकात शारजाबाहेर अरबाबच्या, म्हणजे मालकाच्या, शिकारीसाठी मी आणि रत्नागिरीचे चाचा लाकडी बदकं कोरायचो. तळ्यात ती तरंगली की खरी बदकं भुलून उतरायची आणि छर्रे खायची.

एकदा पंख तुटलेलं बदक फडफडत काठाशी आलं. अरबाब बंदूक खाली करत म्हणाला, "खलास." त्याच्या अरबीत, पुरे. चाचांच्या कानात मात्र मुंबईचं खलास. त्यांनी बदकाची मान पिरगाळली.

अरबाबला ते त्याच्या ससाण्याला शिकार शिकवायला जिवंत हवं होतं. त्याने चाचांच्या कानशिलात अशी भडकावली की दाढीत रक्त उतरलं. मी पटाशी उगारलीच होती, चाचांनी मनगट धरलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं बदक कोरलं. त्याची मान पिरगाळलेली होती. मी रंग देऊन तेच सगळ्यांत पुढे सोडलं.