आत्याची निळी बॅग

आमच्या आत्याकडे ऋतू बदलतो तो आधी माळ्यावर, मग बाहेर. थंडी ओसरायला लागली की रजया, स्वेटर, कानटोप्या, हीटर असं सगळं वर जातं आणि पंखे खाली येतात. ढग दिसायला लागले की रेनकोट, गमबूट, ताडपत्री. पाऊस सरला की ते पुसून, वाळवून परत वर. वर्षभर त्या शिडीला उसंत नाही, आणि आत्यालाही.

बरं, हे सगळं आत्याचं आहे म्हणाल तर साफ चूक. माझे बाबा आणि काका दोघेही नोकरीसाठी घराबाहेर पडले, बिऱ्हाडं थाटली, आणि फ्लॅटमध्ये जे मावेना ते बहिणीकडे आणून टाकलं. "ताई, राहू दे गं तुझ्याकडे, तात्पुरतं." आमच्या घराण्यात तात्पुरतं म्हणजे जन्माचं. काकाची व्यायामाची सायकल तात्पुरती आली, तिच्यावर आता टॉवेल वाळतात. चुलतभावाचा पाळणा आहे, आणि त्या पाळण्यात झोपलेला घोडा आता दाढी करतो. आत्याचं स्वतःचं म्हणाल तर एक कपाट. त्याच्याही खालच्या खणात काकूचे लग्नातले कपडे.

आणि घरातला नियम असा, की मालकाला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. मालक काय म्हणणार? "असू दे की, खायला मागतंय का?" एकदा मी काकाला फोन करून विचारलं, तुमचा टेबललॅम्प भंगारात देऊ का? तर म्हणाला, "वेडी की काय, फक्त वायर गेलीय त्याची!" ती वायर मी शाळेत असताना गेली होती.

खायला काही मागत नव्हतं हे खरं. पण ऊन मागत होतं, डांबरगोळ्या मागत होतं, झटकणं आणि घड्या मागत होतं. हे सगळं आत्या करायची. चादरीच्या घडीचे चारही कोपरे जुळले नाहीत तर ती पुन्हा पहिल्यापासून घालायची. गाठोडं कुणाचं आहे ते तिला नुसत्या गाठीवरून कळायचं. मी चिडून म्हणायचे, "आत्या, तू माणूस आहेस की गोदाम?" ती हसून म्हणायची, "गोदामाला भाडं तरी मिळतं गं."

ती टेलिफोन खात्यात होती. तिथली तिची एक मैत्रीण निवृत्त झाल्यावर समुद्राकाठच्या एका गावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिली. तिने आत्याला सांगितलं, "एक खोली तुझी. खिडकीतून पाणी दिसतं. पण पावसाळ्याच्या आत ये बाई. मला एकटीला भाडं झेपत नाही, नाहीतर मी दुसरी कुणी बघीन." आत्याने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका वेगळा लागला, की मी आधी विचारलं, बरं आहे ना तुला? "बरं आहे," ती म्हणाली. "मी जाते आहे."

मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

काका आणि बाबांनी परवानगी दिली. हो, परवानगीच! बासष्ट वर्षांच्या बाईला! "जा ना ताई, हक्काने जा. फक्त थंडीचं तेवढं नीट वर टाकून जा, आम्हाला त्यातलं काही कळत नाही." पंखे वगैरे आम्ही येऊन बघू, असंही म्हणाले. बघतायत!

तर निघायच्या आदल्या दिवशी मी मदतीला गेले. काकाही आला होता. आत्याची निळी बॅग भरून तयार होती. तिचं सगळं त्या एका बॅगेत मावलं होतं, आणि चेन लावतानाही ओढाताण झाली नव्हती. ती बॅग दाराशी ठेवली होती, आणि तिथेच बाकीची गाठोडी रचलेली होती. काका शिडीवर चढला, आत्या खाली उभी राहिली. मी मागच्या अंगणात हीटर पुसत बसले. आतून काकाचा आवाज येत होता, "दे... हं, पुढचं... दे."

संध्याकाळी हात धुऊन चहाला बसलो आणि मी विचारलं, "आत्या, तुझी बॅग कुठाय?"

आत्याने दाराकडे पाहिलं. दार मोकळं होतं. मग ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

"निळी ना?" काका म्हणाला. "ती पार मागे, भिंतीला लागून. सुरुवातीलाच दिलीस की तू. असं गच्च बसवलंय ना सगळं, बघत राहशील!"

स्वतःच्या हाताने दिली होती तिने. हाताशी आलं ते वर द्यायचं, एवढंच ते हात शिकले होते.

"आता एवढं सगळं परत उपसायचं?" काका म्हणाला. "माझी एखादी बॅग घेऊन जा की. थंडीत माळा काढला की ही निघेलच."

माझं डोकंच फिरलं. "काका, तिचे कपडे आहेत त्यात! तुमच्या रजया नाहीत!" मी शिडीवर चढले आणि एकेक गाठोडं खाली भिरकावायला लागले. रजया, गाद्या, स्वेटरांच्या पिशव्या. कानटोप्यांची पिशवी फुटली आणि सगळ्या टोप्या घरभर झाल्या. काका ओरडत होता, मी त्याच्यावर दुप्पट ओरडत होते. शेवटी बॅगेचा पट्टा हाताला लागला. घामाघूम होऊन मी ती छातीशी धरून खाली उतरले. "ही घे!"

आत्या जमिनीवर बसली होती. मांडीवर रजई घेऊन तिचे कोपरे जुळवत होती.

"ठेव तिथे," ती म्हणाली. "एवढं आवरते नि निघते."

सकाळची बस गेली. पसारा टाकून कशी जाऊ, म्हणाली. मी भांडले, रडले, शेवटी माझी रजा संपली म्हणून घरी परतले. मग कळलं की उन्हं तापली, पंखे कुणी काढले नाहीत, ते तिने काढले. मग ढग आले, रेनकोट निघाले. मैत्रिणीने दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला तो दुसरी बाई राहायला आली हे सांगायला.

थंडीच्या तोंडावर मी गेले तेव्हा आत्या शिडीवर होती. निळी बॅग दाराशीच उभी होती, फुगलेली. म्हटलं, ही अजून निघायच्या तयारीत आहे! मी ती उचलायला गेले तर हलेना. चेन उघडली तर डांबरगोळ्यांचा भपकारा आला. आत काकाचे स्वेटर होते, एकावर एक, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"रिकामीच पडली होती गं," आत्या वरून म्हणाली. "म्हटलं, जागा कशाला वाया घालवा?"